कोशाबाहेरचा शब्द

हिम्मतरावांनी तांबडी पेन्सिल उचलली, अर्जाच्या तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दाभोवती ठसठशीत गोल काढला आणि कागद टेबलावरून सरकवत परत केला.

"हा शब्द नाही."

"आहे की, रावसाहेब," समोर उभा असलेला संभाजी म्हणाला. "प्रीपोन. सगळे म्हणतात."

"म्हणतात सगळेच. लिहितो कोण?"

खाकी कागदाचं वेष्टण घातलेला जाडजूड इंग्रजी शब्दकोश त्यांनी पुढ्यात ओढला. पी अक्षराशी येऊन त्यांचं बोट ओळींवरून सावकाश खाली उतरलं आणि एका जागी थांबलं. "बघा. असता तर इथं असता."

संभाजीनं वाकून पाहिलं. बोटाच्या वर एक शब्द होता, खाली दुसरा. मध्ये केसाएवढी पांढरी जागा होती, तिच्यात काहीच नव्हतं.

ऑक्टोबर छप्पनचा पहिला आठवडा होता. महिना संपला की हैदराबाद राज्य संपणार होतं. मराठी जिल्हे मुंबईकडे जायचे, कानडी म्हैसूरकडे, तेलुगू आंध्राकडे, आणि त्यांच्याबरोबर नारायणगुड्याजवळच्या या सरकारी दप्तरातल्या मिसली, म्हणजे फायलीही. सकाळपासून एकेक मिसल उघडायची, गावाचं नाव बघायचं आणि फीत बांधायची. मुंबईची हिरवी, म्हैसूरची पिवळी, आंध्राची पांढरी. कपाटं रिकामी होत चालली तशी दिवाणखान्याएवढी ती खोली आतून मोठी होत गेली. दुपारी खिडक्यांतून ऊन आत उतरलं की त्यात जुन्या कागदांची धूळ तरंगत राही आणि माणसं त्यातून हळूहळू चालत, जणू कुणालाच कुठं पोचायचं नव्हतं.

माणसांचीही वाटणी झाली होती. संभाजीला औरंगाबाद आलं होतं. हेडक्लार्क हिम्मतराव मूळचे परभणीकडच्या शेतकरी घरातले, पण नोकरीची तीन वर्षं उरली होती आणि चिक्कडपल्लीत घर झालं होतं, म्हणून त्यांनी इथंच राहायचं लिहून दिलं होतं.

संभाजीची आठ दिवसांची रजा ऑगस्टमध्येच मंजूर झाली होती, बावीस ऑक्टोबरपासूनची. बदलीआधी गावी जाऊन घर शाकारायचं, एवढंच तेव्हा मनात होतं. मग दसऱ्याच्या नागपूरच्या धम्मदीक्षेच्या सोहळ्याची बातमी आली. अंबरपेठेतल्या त्यांच्या गल्लीत त्या दिवशी चुली उशिरा पेटल्या. जो तो ओट्यावर येऊन तेच बोलत होता. संभाजीला आता रजा बाराव्या तारखेपासून हवी होती.

आणि नेमकी तिथंच गाडी अडली होती. वाटणीचं काम पुरं होईपर्यंत नवी रजा कुणालाच नाही, असा साहेबांचा हुकूम निघाला होता. आधी मंजूर झालेल्या रजाच तेवढ्या टिकल्या होत्या. अकाउंट्समधल्या एकनाथरावांनी मागच्याच आठवड्यात तारीख 'चेंज' करून मागितली, तर साहेबांनी शेरा मारला, बदल म्हणजे नवी रजा, नामंजूर. 'कॅन्सल करून पुन्हा द्यावी' असं लिहावं तर पहिली मरायची आणि दुसरी जन्माला यायची नाही. 'ॲडव्हान्स' लिहिलं की अकाउंट्सवाले पगाराची उचल समजून कागद आपल्याकडे ओढत. संभाजीला सांगायचं होतं ते एवढंच की रजा तीच आहे, मेलेली नाही, नवी नाही, नुसती अलीकडे ओढायची आहे. आणि तेवढं सांगणारा एकच शब्द त्याला ठाऊक होता.

"पोस्टपोन आहे ना, रावसाहेब? मग त्याचं उलटं नको?"

"प्रत्येकाचं उलटं असतंच असं कुठं आहे?"

"उर्दूत होतं. तुम्हीच शिकवलं मला. ताखीर म्हणजे लांबवणं, तकदीम म्हणजे अलीकडे आणणं."

हिम्मतरावांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. उर्दूचं नाव काढलं की त्यांचा चेहरा असा क्षणभर सैल पडायचा. "उर्दू फार सोयीची भाषा होती," ते म्हणाले. "पण अर्ज इंग्रजीत आहे."

पलीकडच्या टेबलावरून टायपिस्ट यादगिरी हसला. तेलुगू घरचा, पण दप्तरात दखनीच बोलायचा. "क्या साब, टाकीजवाले भी बोलते. तीनचा शो प्रीपोन हुआ बोलके. शादियाँ प्रीपोन होरैं पूरे शहर में."

"होऊ द्या," हिम्मतराव म्हणाले. "माझ्या टेबलावरून नाही व्हायची."

"पण कुणीतरी पहिल्यांदा लिहिलंच असेल ना?" संभाजीनं चिकाटी सोडली नाही. "पोस्टपोनसुद्धा?"

"लिहिलं असेल. पण तो माणूस आपल्यासारखा कारकून नसणार."

हिम्मतरावांशी शब्दावरून वाद घालायचा म्हणजे दगडावर डोकं आपटणं, हे सगळं दप्तर जाणून होतं. आणि का, तेही जाणून होतं. सहा वर्षांपूर्वी उर्दू जाऊन कामकाज इंग्रजीत आलं, तेव्हा हिम्मतराव सेहेचाळीस वर्षांचे होते. उर्दू मसुद्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एक म्हातारा चपराशी वारला, उर्दू मिसलीवर लिहिलेलं होतं, इंतिकाल; शब्द एक, अर्थ दोन, मरण आणि हस्तांतर. हिम्मतरावांनी कुठल्याशा जुन्या यादीत बघून त्याचं इंग्रजी केलं, 'ट्रान्स्फर'. नवीन साहेबांनी त्यांना खोलीच्या मधोमध उभं करून विचारलं, त्या चपराश्याची बदली नेमकी कोणत्या जिल्ह्यात झाली? आणि सगळे हसले. ज्यांना स्वतःला इंग्रजीची दोन वाक्यं धड येत नव्हती, तेही पोट धरून हसले.

पुढच्या रविवारी हिम्मतराव आबिदच्या फुटपाथवरून तो शब्दकोश घेऊन आले. रोज जेवणाआधी एक पान, असं करत त्यांनी तो पुरा वाचला. तेव्हापासून त्यांच्या हातून एकही चुकीचा शब्द साहेबांपर्यंत गेला नव्हता. कोणत्याही कागदावर टिपण लिहिताना ते आधी कोश उघडत, मग दौत.

अर्ज बुधवारी परत आला. गुरुवारीही आला. प्रत्येक वेळी त्याच शब्दाभोवती तोच तांबडा गोल. साहेब शनिवारी दुपारी बारा वाजता दौऱ्यावर निघणार होते, ते दसरा झाल्यावरच परतायचे.

संध्याकाळी घरी गेलं की पंचफुला, संभाजीची आई, ओट्यावर बसलेली असे. अंगणातल्या दोरीवर तिचं पांढरं लुगडं वाळत असायचं. नवंकोरं लुगडं, पण ती ते रोज धुवायची. म्हणायची, खळ निघाली पाहिजे, त्या दिवशी अंगावर कडक राहायला नको. घरातले देवाचे टाक तिनं फडक्यात बांधून भावाकडे पोचते केले होते. देव्हाऱ्याची फळी मोकळी होती. तिच्यावर दिवा तेवढा होता, आणि तिन्हीसांजेच्या उजेडात ती मोकळी फळी बघायला संभाजीला का कोण जाणे, बरं वाटायचं.

"निघाली का रे रजा?"

"निघंल, माय."

"कामून अडकली?"

"एका शब्दापायी."

पंचफुलेला त्यात नवल वाटलं नाही. "आपलं समदं शबदापायीच अडकतं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, लुगड्याकडे बघत, "संभा, तिकडून आल्यावर कुणी पुसलं, तुमी कोण, तर काय सांगायचं?"

"बौद्ध."

तिनं तो शब्द हळू आवाजात दोनदा म्हणून पाहिला. "असा शबद हाय ना पर? पुस्तकात बिस्तकात?"

"आहे, माय. लई जुना शब्द आहे."

"मंग झालं. लुगड्यासारखंच ते. आंगाला बसाया दोन दिस लागत्यान."

अंधार पडेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिली. लुगडं वाऱ्यानं फुगायचं, पुन्हा सपाट व्हायचं. संभाजीला एकदम वाटलं, आपली रजा नाही निघाली तरी ही म्हातारी निघेल. काजीपेठेला गाडी बदलायची असते हेही तिला ठाऊक नाही, तरी निघेल. आणि त्याचा जीव गलबलला.

शुक्रवारी दुपारी चौथ्यांदा तो गोल बघितला आणि त्याचा ताबा सुटला.

"रावसाहेब, शब्दाचं निमित्त पुरे आता."

हिम्मतरावांनी चष्म्यावरून वर पाहिलं.

"तुम्हाला शब्द खुपत नाही. मी कुठं चाललोय ते खुपतं. नुसतं गावी घर शाकारायला जायचं असतं तर तुमच्या कोशात दहा शब्द निघाले असते."

यादगिरीचे हात यंत्रावर थांबले. खिडकीत हिम्मतरावांची सुरई होती. घरून आणलेलं पाणी ते त्या सुरईतूनच पीत. कारण पोटाचं सांगत. संभाजीनं सहा वर्षांत ते कारण कधी उकरून पाहिलं नव्हतं. आज त्याची नजर त्या सुरईवर गेली आणि हिम्मतरावांनी ती जाताना पाहिली.

हिम्मतरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. अर्ज परत देण्याऐवजी त्यांनी तो कोशाखाली सरकवला.

"उद्या सकाळी खाली रेकॉर्डच्या खोलीत जा," ते म्हणाले. "बीडच्या मिसली बांधायच्या राहिल्यात. बारा वाजेपर्यंत वर यायचं कारण नाही."

म्हणजे शनिवारही गेला, संभाजीनं मनाशी म्हटलं. घरी जाताना त्यानं ठरवलं, रजा नसली तर नसली, बिनरजेनं जायचं. पुढचं पुढं बघू.

तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत उजेड वरच्या जाळीतून येई आणि जमिनीवर चौकोन चौकोन पडत. संभाजी मिसली बांधत बसला. गावांची नावं वाचायची, हिरवी फीत ओढायची, गाठ मारायची. गेवराई. आष्टी. माजलगाव. काही मिसलींवर ओल येऊन उर्दू अक्षरं पाण्यात विरघळल्यासारखी पसरली होती. किती जणांचे अर्ज असतील यात, त्याला वाटलं, किती जणांना काय काय हवं होतं, आणि आता सगळे नुसते गठ्ठ्यात जातायत. साडेअकराच्या सुमाराला वरून एकदम हसण्याचा आवाज आला. पुष्कळ माणसं एका वेळी हसल्याचा. मग सगळं शांत झालं. एकनाथरावांनी काहीतरी विनोद केला असेल, असं समजून त्यानं पुढची मिसल ओढली.

बाराला पाच मिनिटं असताना यादगिरी खाली आला. त्याच्या हातात चिठ्ठी होती. रजा मंजूर, बारा तारखेपासून आठ दिवस, खाली साहेबांची सही.

"हे कसं झालं?" संभाजी उठलाच.

"हुआ सो हुआ," यादगिरी म्हणाला. एरवी एवढा तोंडाळ माणूस, पण आज त्यानं नजर मिळवली नाही. "जाओ जी. अम्मा को बोलो पहले."

संभाजी पळत वर गेला. हिम्मतरावांची खुर्ची मोकळी होती. कोश मिटलेला होता. ते घरी गेले होते, आणि हेडक्लार्क वेळेआधी घरी गेलेला त्या दप्तरानं कधी पाहिलेला नव्हता.

नागपूरचं काय सांगायचं? संभाजीला पुढंही ते कधी नीट सांगता आलं नाही. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि तरी प्रत्येक स्टेशनावर माणसं चढत होती, मावत होती. सकाळी डोळे उघडले तर पांढऱ्या कपड्यांशिवाय काही दिसेना. मैदान नाही, झाडं नाहीत, पांढरंच. त्या पांढऱ्यात पंचफुला त्याच्या मनगटाला धरून उभी होती. सगळ्यांबरोबर तिचे ओठ हलत होते, आणि तिचा आवाज लाखोंच्या आवाजात गेला होता तरी त्याला तो ऐकू येत होता. परतीच्या गाडीत शेजारच्या बाईनं तिला विचारलं, कोण तुमी? पंचफुलेनं एकदाच श्वास घेतला आणि तो शब्द म्हटला. मग काजीपेठ येईपर्यंत ती संभाजीच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली.

तो कामावर रुजू झाला तेव्हा खोली जवळजवळ रिकामी झाली होती. बोललं तर आवाज घुमायचा. औरंगाबादला जाणाऱ्या माणसांच्या खाजगी मिसलींना हिरव्या फिती बांधायचं काम आता त्याच्याकडे होतं, आणि तिसऱ्या दिवशी त्या गठ्ठ्यात त्याला स्वतःची मिसल मिळाली. सर्वांत वर रजेचा कागद होता.

त्याचा अर्ज होता, आणि अर्जाखाली टिपण. गोल, शांत, उर्दू वळणाचं इंग्रजी अक्षर. ते अक्षर तो झोपेतही ओळखला असता. 'सदर रजा पूर्वीच मंजूर आहे. ती रद्दही होत नाही, नवीनही होत नाही. फक्त प्रीपोन करावी.' शब्दाभोवती हिरव्या शाईचा गोल होता, साहेबांच्या शाईचा. आणि समासात त्यांच्या हातचं, 'असा शब्द अस्तित्वात नाही. हेडक्लार्कनी शब्दकोश पाहत जावा. रजा मंजूर.'

संभाजीनं ते तीनदा वाचलं. मग मिसल तशीच हातात घेऊन तो यादगिरीकडे गेला.

यादगिरीनं आधी दाराकडे पाहिलं. हिम्मतराव कुठंतरी बाहेर होते. "साब बुलाए उनको," तो हळूच म्हणाला. "बीच में खड़ा करके पढ़वाए. जोर से. पूरा हॉल हँसा, मियाँ, वोइच हँसी. साब पूछे, है क्या ऐसा वर्ड? रावसाब बोले, हौ साब, है. मैं लिखा ना."

"मग?"

"मग क्या. साब भी हँस पड़े. सही कर दिए. टाइम नहीं था उनको, गाडी खडी थी."

संभाजी तिथंच स्टुलावर बसला. खाली रेकॉर्डच्या खोलीत ऐकलेलं हसू त्याला आता पुन्हा ऐकू आलं. आपल्याला तळघरात का पाठवलं होतं तेही कळलं. शुक्रवारी आपण बोललेला शब्दन् शब्द आठवला आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. खिडकीत सुरई होती तशीच होती. तिचं खरं कारण काय होतं, ते त्याला आजही ठाऊक नव्हतं.

दोन-तीनदा त्यानं बोलायचा प्रयत्न केला. "रावसाहेब, त्या दिवशी मी..." म्हणून सुरुवात केली की हिम्मतराव काहीतरी काम काढत. ही फीत सैल आहे. ती मिसल उलटी लागली. एकदा नुसतंच म्हणाले, "नागपूरला गर्दी फार होती म्हणे?"

"फार होती."

"आईंना त्रास नाही ना झाला?"

"नाही. झोपल्या येताना."

"बरं झालं," हिम्मतराव म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

एकतीस तारखेला दुपारी सर्व्हिस बुकांची शेवटची पडताळणी होती. रीत जुनी, निजामी अमदानीतली. हेडक्लार्कनं एकेक रकाना मोठ्यानं वाचायचा, ज्याचं पुस्तक त्यानं समोर उभं राहून 'बरोबर' म्हणायचं, आणि टायपिस्टनं शेजारी बसून दुरुस्त्या उतरून घ्यायच्या. दुरुस्ती लेखी हुकमाशिवाय करायची नाही. प्रत्येक दुरुस्तीसमोर हुकमाचा नंबर पडलाच पाहिजे. सहा वर्षांत हिम्मतरावांनी बिननंबरी एक टिंबसुद्धा हलवलं नव्हतं.

संभाजीची पाळी आली तेव्हा खोलीत तिघंच उरले होते. ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत आलं होतं.

"नाव, संभाजी."

"बरोबर."

"जन्मतारीख," हिम्मतरावांनी वाचली.

"बरोबर."

पुढच्या रकान्याशी त्यांचं बोट थांबलं. तिथं सहा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेलं होतं, संभाजीच्या तोंडून ऐकून, त्याच गोल अक्षरात. धर्म, आणि त्यापुढे जात. त्यांनी ते वाचलं नाही. कोश हाताशी होता, तिकडे त्यांचा हात गेला नाही. त्यांनी दौतीचं झाकण काढलं.

"काय लिहू?"

संभाजीला आठवलं ते पांढरं मैदान, मनगटावरची आईची पकड, तिनं घेतलेला तो एक श्वास.

"बौद्ध," तो म्हणाला.

हिम्मतरावांनी पट्टी ठेवली, जुन्या शब्दांवरून एक सरळ रेघ ओढली आणि वरच्या जागेत नवा शब्द लिहिला. सावकाश, एकेक अक्षर सुटं.

यादगिरी लेखणी धरून बसला होता. "हुकूम का नंबर क्या डालूँ, साब?"

"हुकूम नाही."

"फिर?"

हिम्मतरावांनी पुस्तक त्याच्याकडे जाऊ दिलं नाही. हुकमाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, आणि खाली तारीख घातली.

"औरंगाबादला विचारतील, रावसाहेब," संभाजी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "तुम्हाला लिहून विचारतील."

"विचारू द्या. मी लिहिलंय म्हणून सांगेन." त्यांनी टीपकागद दाबला, उचलून पाहिला, शाई वाळली होती. मग बोट पुढच्या रकान्यावर ठेवलं. "वडिलांचं नाव, अंबाजी."

"बरोबर," संभाजी म्हणाला.